वॉटसन मराठीत का रमला नाही?

डॉक्टर वॉटसन मुंबईत उतरला होता, हे होम्सचे कट्टर चाहतेही विसरतात. १८८७ साली आलेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर तो आपली हकिगत सांगतो. १८७८ साली लंडन विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेतली, लष्करात सर्जन म्हणून नेमणूक झाली आणि मुंबई बंदरात पाय ठेवतो तोच कळलं, की आपली पलटण खिंडी ओलांडून अफगाणिस्तानात गेलेली आहे. मग कंदाहार, मैवंदची लढाई, खांद्यात घुसलेली गोळी, पेशावरच्या इस्पितळातला विषमज्वर आणि खंगलेल्या शरीराने परत लंडन. तिथे भाडं परवडेना, म्हणून जागेत भागीदार शोधता शोधता त्याला शेरलॉक होम्स भेटला.

मुंबईत उतरलेला हा माणूस मराठी रहस्यकथेत मात्र फारसा मुक्कामाला राहिला नाही. आपण होम्स घेतला, त्याचं भिंग घेतलं, वेशांतर घेतलं, शेवटच्या प्रकरणातला उलगडा घेतला. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा, सगळं पाहूनही अर्थ न लागणारा आणि तरीही प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवणारा मित्र आपण घेतला नाही. ही निवड कशी झाली आणि तिच्यामुळे आपण काय गमावलं, याचा हा आढावा.

मी वरवट बकालचा वाचक. शेगावहून संग्रामपूरकडे जाताना लागणाऱ्या या गावात रहस्यकथा यायची ती शेगाव स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून, एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून, नाहीतर कुणा पाहुण्याच्या पिशवीतून. एक पुस्तक दहा हातांतून फिरायचं. एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. खुनी कोण, यावर मध्येच वाद व्हायचे. हे वाद घालणारे, सगळी माहिती समोर असूनही चुकीचा माणूस पकडणारे आम्ही, म्हणजेच वॉटसन होतो. पुस्तकात मात्र आमचा प्रतिनिधी नसायचा.

या जोडीचा उगम एडगर अॅलन पोच्या लेखणीत आहे. १८४१ साली आलेल्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेत ऑगस्त द्युपँ हा बुद्धिमान माणूस आहे आणि त्याच्यासोबत राहणारा एक निवेदक आहे. त्या निवेदकाला पोने नावसुद्धा दिलं नाही. तो खिडकीसारखा आहे. त्यातून द्युपँ दिसतो, खिडकी दिसत नाही. पोने द्युपँच्या तीनच कथा लिहिल्या, पण त्यांनी पुढच्या दीडशे वर्षांची घडण ठरवली. तीव्र बुद्धीच्या माणसाचं डोकं आतून दाखवायचं नाही, ते दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बाहेरून दाखवायचं. आतून दाखवलं तर रहस्य उरत नाही आणि लेखकाने मुद्दाम लपवलं तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. मधे एक प्रामाणिक माणूस उभा केला की दोन्ही अडचणी सुटतात. त्याला जे दिसलं ते आपल्याला दिसतं, त्याला जे कळलं नाही ते आपल्यालाही कळत नाही, आणि फसवणूक कुठेच होत नाही.

आर्थर कॉनन डॉयलने या रिकाम्या खिडकीला देह दिला. वॉटसनला जखम आहे, पेन्शन आहे, पुढे लग्न आहे, दवाखाना आहे, जुगाराची थोडी ओढ आहे. होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. या साठांपैकी छप्पन्न वॉटसनने सांगितल्या. उरलेल्या चारांत दोन त्रयस्थ निवेदनाच्या आणि दोन खुद्द होम्सच्या तोंडून आलेल्या, 'द ब्लँच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन'. दोन्ही १९२६ च्या. वॉटसन कशासाठी हवा, याचा सगळ्यात भक्कम पुरावा या दोन कथांत आहे. होम्स स्वतः लिहायला बसतो आणि कथा कोरडी पडते. पहिल्या कथेत तर तो कबूलच करतो, की वॉटसनवर आपण वरवरच्या लेखनाची टीका करत आलो, पण स्वतः लिहू लागल्यावर वाचकाला रस वाटेल अशा रीतीने मांडणं किती गरजेचं असतं ते कळलं. बुद्धिमान माणसाला स्वतःच्या बुद्धीचं आश्चर्य वाटत नाही, आणि आश्चर्याशिवाय रहस्यकथा उभीच राहत नाही.

वॉटसन मंदबुद्धीचा होता, हा समज पुस्तकातून आलेला नाही. तो १९३९ पासून आलेल्या इंग्रजी चित्रपटांतून पसरला. बेसिल रॅथबोनच्या होम्ससोबत नायजेल ब्रूसने साकारलेला गोंधळलेला, पुटपुटणारा म्हातारा डॉक्टर लोकांच्या डोक्यात बसला. मूळ वॉटसन असा नाही. १९०१-०२ मध्ये मासिकातून आलेली 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' पुन्हा वाचून पाहा. कादंबरीचा मोठा भाग वॉटसन डार्टमूरच्या ओसाड माळावर एकटा आहे. तो पत्रं लिहितो, रोजनिशी ठेवतो, माणसं जोखतो, दोन आद्याक्षरांवरून लॉरा लायन्स या बाईपर्यंत पोचतो, टेकडीवर दिसलेल्या अनोळखी आकृतीचा माग काढत दगडी झोपडीत जाऊन पिस्तूल रोखून बसतो. तो धीट आहे, कष्टाळू आहे, त्याची नजरही बरी आहे. फक्त पाहिलेल्या गोष्टी एकमेकींना जोडायची ती विलक्षण सवय त्याच्याकडे नाही. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही ही माहिती त्याच्याकडेही असते. न घडलेल्या गोष्टीलाही अर्थ असतो, हे त्याला सुचत नाही. आपल्यापैकी कितीजणांना सुचलं असतं?

पुढे इंग्रजीत या पात्राला नियमात बांधलं गेलं. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ साली गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला नववा असा, की गुप्तहेराच्या मित्राने मनात आलेलं काहीही वाचकापासून लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. मला हा नियम पटत नाही. वाचकाला स्वतःपेक्षा कमी अकलेचा सोबती देणं ही वाचकाची खुशामत झाली. डॉयलने ती केली नव्हती. अगाथा ख्रिस्तीचा कॅप्टन हेस्टिंग्ज मात्र याच साच्याकडे झुकला, आणि म्हणूनच की काय, १९२० साली प्वारो या गुप्तहेरासोबत सुरू झालेल्या या भल्या माणसाला तिने १९२३ च्या कादंबरीअखेर लग्न लावून अर्जेंटिनाला धाडून दिलं. मधूनमधून तो परत येतो, पण तिला त्याची फार गरज उरली नव्हती. १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'मध्ये तिने हेस्टिंग्जच्या जागी गावातला एक डॉक्टर बसवला आणि निवेदकावरच्या वाचकाच्या विश्वासालाच हात घातला. ज्यांनी ती वाचली नाही त्यांचा आनंद मी घालवणार नाही. अमेरिकेत १९३४ पासून रेक्स स्टाउटने नीरो वुल्फ आणि आर्ची गुडविन ही जोडी आणली. वुल्फ घराबाहेर पडायला नाखूश, म्हणून धावपळ आणि निवेदन दोन्ही आर्चीकडे. तिथे सहाय्यक इतका चटपटीत झाला, की पुष्कळ वाचक पुस्तक उघडतात ते आर्चीची सोबत मिळावी म्हणून.

आपल्या देशात वॉटसनला खरं घर मिळालं ते बंगालमध्ये. शरदिंदु बंदोपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ साली आला आणि अजित त्याच्यासोबतच आला. 'सत्यान्वेषी' या कथेत ते दोघं कोलकात्याच्या एका मेसमध्ये भेटतात. अजित तिथे राहत असतो आणि ब्योमकेश नाव बदलून तिथे येतो. परगावचे नोकरदार पुरुष जिथे खोली वाटून घेतात अशी ती मेस म्हणजे बेकर स्ट्रीटचं अस्सल बंगाली रूप होतं. सत्यजित राय यांनी १९६५ पासून 'संदेश' मासिकात फेलूदा लिहायला घेतला तेव्हा निवेदन त्याच्या चुलतभावाकडे, शाळकरी तोपशेकडे दिलं. मुलाला सगळं कळत नाही, यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. नंतर 'सोनार केल्ला'पासून लालमोहन गांगुली, म्हणजे जटायू, हा लोकप्रिय साहसकथांचा भाबडा लेखक त्यांना येऊन मिळाला आणि गैरसमजांचा भार त्याने उचलला. तोपशे त्यातून मोकळा झाला आणि हळूहळू हुशार होत गेला. हे त्रिकूट आपल्याकडेही येऊन गेलं आहे. मूर्तिचोरीचा माग काढत फेलूदा वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतो. अशोक जैन यांच्या अनुवादांतून फेलूदा मराठीत आला, हे मराठी मुलांवरचे मोठे उपकार आहेत असं मी मानतो.

मग मराठीत काय झालं? गोविंद नारायणशास्त्री दातार हे सुरुवातीचं मोठं नाव. 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा', 'चतुर माधवराव' या त्यांच्या कादंबऱ्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना रात्री जागवलं. त्यांच्यापुढचा आदर्श होता इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्स. भुयारं, कारस्थानं, गुप्त दारं, अदलाबदल झालेले वारस. या जगात कथा घटनांवर पळते. एका खोलीत बसून राखेवरून सिगारची जात ओळखणाऱ्या माणसाला आणि त्याच्याकडे थक्क होऊन पाहणाऱ्या मित्राला तिथे जागाच नाही.

त्यानंतर बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने मराठी बोलणाऱ्या किती लोकांना वाचायला लावलं याचा हिशेब कुठल्याही वाङ्मयेतिहासात नीट मांडलेला नाही. शाळा सोडलेली, हमाली करणारी, शेतावर राबणारी माणसं अर्नाळकर वाचत. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जात. अर्नाळकरांवर अभ्यासकांनी केलेला अन्याय मोठा आहे आणि तो दूर व्हायला हवा, हे मी मनापासून म्हणतो.

त्यांच्या जोड्या पाहिल्या की मराठी निवड स्पष्ट होते. झुंजारसोबत त्याची पत्नी विजया आहे, आणि ती संकटात उडी घेणारी आहे, थक्क होऊन पाहत बसणारी नाही. काळापहाड हा मुळात चंद्रवदन नावाचा प्रतिष्ठित गृहस्थ. त्याचं दुहेरी आयुष्य हेच तिथलं रहस्य, म्हणून त्याच्या अगदी जवळ निवेदक बसवताच येत नाही. धनंजय-छोटू ही जोडी वॉटसनच्या सर्वांत जवळ येते. पण छोटू हा बरोबरीचा मित्र नाही, तो हाताखालचा तरुण साथीदार आहे. माझ्या मते या जोडीचं नातं बेकर स्ट्रीटपेक्षा सेक्स्टन ब्लेक आणि टिंकर यांच्याशी जास्त जुळतं. इंग्लंडमध्ये १८९३ पासून स्वस्त साप्ताहिकांतून गाजलेला ब्लेक आणि त्याचा चलाख पोरगा टिंकर यांच्या कथा वेगाच्या, पाठलागाच्या, हाणामारीच्या होत्या. तिथे सहाय्यकाने विचारात पडायचं नसतं, भिंतीवरून उडी मारायची असते.

अर्नाळकरांच्या कथा बहुतेक त्रयस्थ निवेदनात आहेत. महिन्याला कितीतरी पुस्तकं लिहायची, प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपवायचं, एकदा खलनायकाच्या अड्ड्यावर आणि एकदा नायकाच्या मोटारीत जायचं, तर एका माणसाच्या डोळ्यांत स्वतःला कोंडून घेणं परवडत नाही. शिवाय या कथा मोठ्याने वाचल्या जात. ऐकणाऱ्याला "मी पाहिलं" पेक्षा "झुंजारने पाहिलं" सोपं जातं. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कमी समजणाऱ्या माणसाची जागा अर्नाळकरांच्या जगात रिकामी नाही. ती पोलिसांना दिलेली आहे. नायक कायद्याच्या थोडा बाहेर, गरिबांचा कैवारी, आणि त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर प्रत्येक वेळी एक पाऊल मागे. डॉयलच्या कथांतला इन्स्पेक्टर लेस्ट्रेड इथे मोठा झाला आणि वॉटसन लहान झाला. ज्या वाचकाला फौजदारापुढे उभं राहताना घाम फुटत असे, त्याला ही मांडणी किती सुखावत असेल, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या माणसाला सांगावं लागणार नाही.

पुढच्या पिढीनेही हीच वाट धरली. गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीपसारखे नायक देऊन हजारावर पुस्तकं लिहिली. तिथे सहाय्यक म्हणजे लढाऊ सोबती. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी नाना स्वभावांची माणसं उभी केली. बॅरिस्टर अमर विश्वास हा त्यांचा पेरी मेसनच्या कुळातला वकील. खटल्याच्या कथेत उलगडा कोर्टात सगळ्यांसमोर होतो, म्हणजे साक्षीदार, न्यायाधीश आणि प्रेक्षक मिळूनच वॉटसन होतात. शिरवळकरांचे संवाद झकास, पण थांबून पाहणारा डोळा त्यांच्या घाईत हरवतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, याला सुभाष देसाईसारखा मित्र आहे आणि ही मैत्री बरोबरीची आहे. तरी बन्या हा विचार करण्याआधी सायकलवर टांग टाकणारा मुलगा, त्याची गंमत धाडसात आहे. होम्स स्वतः मराठीत आला तो भालबा केळकरांसारख्यांच्या अनुवादांतून, आणि तिथे वॉटसन अर्थातच आहे. पण अनुवादातला वॉटसन लंडनचाच राहिला.

यामागे आपल्या राहणीचंही कारण असावं. वॉटसन घडायला दोन असंबंधित, शिकलेले, बरोबरीचे पुरुष एका बंद खोलीत दोन खुर्च्या टाकून निवांत बसलेले लागतात. कोलकात्याच्या मेसने ते दिलं. गिरगावच्या चाळीत ते कसं जमावं? तिथे दार दिवसभर उघडं. अशील जिना चढून आला की चार बिऱ्हाडांना तो का आला ते माहीत. खेड्यात तर गुप्तहेराला गुप्त राहणंच अशक्य. आणि बरोबरीचा प्रश्न त्याहून कठीण आहे. आपल्याकडे मदतनीस म्हटला की तो गडी, शिपाई, पोऱ्या, हाताखालचा. अशा माणसाने मालकाची गोष्ट सांगावी आणि ती आपण त्याच्या नजरेने ऐकावी, ही कल्पनाच आपल्या लेखकांना उशिरा सुचली. वॉटसन अर्धं भाडं भरतो, म्हणून होम्सच्या तोंडावर त्याला कोकेनबद्दल बोलू शकतो. हे अर्धं भाडं फार मोलाचं आहे.

तरीही एक मराठी वॉटसन मला सापडतो, आणि तो गुप्तहेरकथेत नाही. तो नारायण धारपांच्या भयकथेत आहे. धारपांचे समर्थ हे अमानवी शक्तींशी झुंजणारे, असामान्य सामर्थ्याचे पुरुष, आणि त्यांच्यासोबत असतो अप्पा. अप्पा आपल्यासारखाच आहे. त्याला भीती वाटते, तो प्रश्न विचारतो, त्याला समर्थांची एखादी कृती विचित्र वाटते आणि अर्थ नंतर उमगतो. समर्थांच्या मनात आपल्याला प्रवेश नाही, अप्पाच्या मनात आहे. रचनेच्या दृष्टीने ही अस्सल होम्स-वॉटसन जोडी आहे. गुप्तहेरकथेने नाकारलेलं हे पात्र भयकथेत इतक्या सहज का रुजलं?

मला वाटतं, कारण ते आपल्याला नवं नव्हतंच. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ साक्षीदारांचा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने रिद्धपूरला, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात, 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तो गावोगाव फिरला, ज्यांनी जे पाहिलं-ऐकलं ते त्यांच्याकडून मिळवलं, पारखलं आणि लिहिलं. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी निरनिराळ्या माणसांच्या नावावर ग्रंथात नोंदलेल्या सापडतात. आमच्या जिल्ह्यातली लोणार आणि मेहकर त्यात येतात. त्यातली बाईसा ही शिष्या पदोपदी प्रश्न विचारते. तिला सगळं कळत नाही, आणि तिला कळत नाही म्हणूनच स्वामी सांगतात आणि आपल्यापर्यंत पोचतं. चक्रधरांची आणि बेकर स्ट्रीटच्या हेराची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मी निवेदनाच्या रीतीबद्दल बोलतो आहे. थोर माणसाला त्याच्या जवळच्या, कमी समजणाऱ्या पण खऱ्या माणसाच्या डोळ्यांनी दाखवायचं, ही रीत मराठी गद्याच्या जन्मापासूनची आहे. धारपांच्या समर्थांमागे गुरु-शिष्याची ही परंपरा उभी होती, म्हणून अप्पा परका वाटला नाही. रहस्यकथेच्या लेखकांची नजर मात्र इंग्रजी साप्ताहिकांकडे लागलेली होती. रिद्धपूरकडे त्यांनी पाहिलं नाही.

पडद्यावरचा आढावा थोडक्यात आटोपता येतो, कारण कॅमेरा आला की निवेदक मित्राची गरज कमी होते. १९८५ च्या 'करमचंद'मध्ये पंकज कपूर गाजर खात बोलायचे आणि किटीला गप्प बसवायचे. तिथे सहाय्यिका फक्त हशासाठी उरली, आणि मला ते तेव्हाही खटकायचं. १९९३ मध्ये बासू चटर्जींच्या 'ब्योमकेश बक्षी'त रजित कपूर आणि के. के. रैना यांनी मैत्री जिवंत ठेवली. मराठीत बी. पी. सिंग यांची 'एक शून्य शून्य' आली, त्यात शिवाजी साटम होते, आणि हेच दोघं पुढे १९९८ पासून 'सी.आय.डी.'त देशभर पोचले. तिथे पथक आलं. एकजण दार तोडणारा, एकजण हसवणारा, एकजण प्रयोगशाळेत. वॉटसनचे तुकडे करून ते सगळ्यांत वाटून दिले गेले.

खऱ्या तपासात पथकच असतं, हेही खरं. १९६८ साली मुंबईत झोपलेल्या माणसांच्या डोक्यात घाव घालून मारण्याचं सत्र चाललं होतं, तेव्हा तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या नामांकित अधिकाऱ्याकडे होती. खुनी रामन राघवला रस्त्यात ओळखून पकडलं ते मात्र अॅलेक्स फियालो या सबइन्स्पेक्टरने. वर्णन आणि फोटो त्याच्या मनात पक्के बसले होते. खालच्या माणसाची नजर वरच्या माणसाच्या बुद्धीला पूर्ण करते, हे त्या अटकेने दाखवलं. महाराष्ट्र पोलिसांचं 'दक्षता' मासिक ज्यांनी नेमाने वाचलं त्यांना अशी कितीतरी प्रकरणं आठवतील, ज्यांत धागा मिळाला तो हवालदाराला. आमच्याकडे तर हे रोजचं आहे. सातपुड्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि तिथे ठशावरून जनावर कधी गेलं हे सांगणारा कोरकू माणूस साहेबाच्या मागे उभा असतो. हुशार कोण आणि सोबती कोण, हे तिथे हुद्द्यावरून ठरवता येत नाही.

एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली इन्स्पेक्टर गणेश घोटे हा मुंबईचा पोलीस अधिकारी निर्माण केला. तेव्हा त्याने मुंबई पाहिलेलीही नव्हती. तरी त्याला एक गोष्ट सुचली. पहिल्याच कादंबरीत त्याने घोटेसोबत एक स्वीडिश पाहुणा दिला, ज्याला इथलं काहीच कळत नाही. परका माणूस हा चांगला वॉटसन होतो. आपल्या लेखकांना तर परका शोधायला स्वीडनला जायची गरज नाही. बदली होऊन आलेला तरुण फौजदार पुण्या-मुंबईचा असतो, त्याला वऱ्हाडी बोली निम्मी कळते, खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी का चालत नाही ते ठाऊक नसतं, कोणाचं कोणाशी शेताच्या धुऱ्यावरून वैर आहे ते ठाऊक नसतं. त्याच्यासोबत असतो पोलीस पाटील, १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमलेला गावचाच माणूस. एकाला तर्क येतो, दुसऱ्याला माणसं कळतात. दोघंही निम्मे होम्स आणि निम्मे वॉटसन.

आणि निवेदक हवा असेल तर कायद्यानेच तो देऊन ठेवला आहे. झडती-जप्तीच्या वेळी त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०० व्या कलमात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. हे पंच. त्यांनी शोध लावायचा नसतो. त्यांनी फक्त तिथे उभं राहायचं, काय सापडलं, कुठे सापडलं ते पाहायचं, पंचनामा ऐकून सही करायची. घटनास्थळाच्या पंचनाम्यालाही अशीच माणसं बोलावली जातात. बुद्धिमान तपासनिसाच्या शेजारी एक सामान्य, निःपक्ष माणूस असलाच पाहिजे, हे आपल्याकडे कादंबरीकाराआधी कायद्याने मानलं. नव्या संहितेने झडतीचं चित्रीकरणही बंधनकारक केलं, तरी पंच गेलेला नाही.

इतकी वर्षं या माणसाकडे मराठी रहस्यकथेचं लक्ष गेलं नाही, याची मला खंत वाटते. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत त्याला बोलावणं येतं. तो नको म्हणतो, मग जातो. प्रेत पाहतो, तुटलेली विळी पाहतो, फौजदार जमिनीवर टोपण ठेवून काहीतरी मोजतो ते पाहतो आणि का मोजतो ते त्याला कळत नाही. आरोपी त्याच्याच गावचा, कदाचित भावकीतला असतो. तीन-चार वर्षांनी समन्स येतं तोवर दोन्हीकडचे लोक त्याच्या घरी चहाला येऊन गेलेले असतात. काही पंच त्या दबावाखाली फितूर होतात. वॉटसनवर अशी वेळ कधी आली नाही, त्याने पाहिलेलं सांगितलं आणि कौतुक झालं. आपला पंच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, सरकारी वकील पंचनाम्यावरची सही दाखवून विचारतात, "ही सही तुमचीच ना? मग तिथे काय पाहिलं, ते सांगा."